गिअरबॉक्सचं एस्टिमेट आलंय. पोलो ठेवू की काढून टाकू?

वाचकाचं पत्र, थोडक्यात

इंदूरच्या सुदामानगरातले एक वाचक लिहितात: वय ४२, नोकरी पीथमपूरला, रोजचं जाणं-येणं ५० किलोमीटरच्या आसपास. दारात २०१५ ची फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय, १.२ लिटर टर्बो पेट्रोल, ७ गिअरची डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स). नवी घेतलेली, आजवर ८८,००० किलोमीटर. वर्षातून तीन-चार वेळा पुण्याला बहिणीकडे जाणं होतं. दोन महिन्यांपासून विजयनगरच्या गर्दीत गाडी दुसऱ्या गिअरला थरथरते. एकदा राजवाड्याजवळ डॅशबोर्डवर गिअरचं चिन्ह लुकलुकू लागलं, रिव्हर्स पडेना, पुढे मात्र गेली. बंद करून पाच मिनिटांनी चालू केल्यावर सगळं ठीक. गॅरेजचं एस्टिमेट असं: मेकॅट्रॉनिक (गिअर आणि क्लच चालवणारा संगणक आणि तेलदाबाचा संच) १,३०,०००, क्लच सेट ६५,०००, ऑइल आणि मजुरी २०,०००, एकूण २,१५,००० रुपये. जुन्या गाड्यांचा डीलर आहे त्या स्थितीत २,४०,००० देतो. ‘नीट असती तर ३,६०,००० दिले असते’ म्हणतो. बायकोचं म्हणणं, आईंचे गुडघे दुखतात, त्यांना पोलोतून उठवत नाही, आता उंच गाडी घ्या. सासरे म्हणतात, बंद पडलेल्या मॉडेलमध्ये पैसे घालणं हा वेडेपणा. एक छोटी एसयूव्ही बघून ठेवली आहे: टर्बो पेट्रोल, ड्युअल क्लच ऑटोमॅटिक, ऑन-रोड १२,५०,०००. मित्राचा सल्ला, दुरुस्त कर आणि वर रिमॅप मार (इंजिनच्या संगणकाची सेटिंग बदलून ताकद वाढव), नवी वाटेल. ‘मन गाडीत आहे, पण या वयात हा पोरकटपणा वाटतो. काय करू?’

उत्तर

तुमच्या पत्रात एस्टिमेटचा आकडा तीन ठिकाणी आहे आणि एरर कोड एकाही ठिकाणी नाही. स्कॅनर लावून काय निघालं, हे गॅरेजने सांगितलं नसेल किंवा तुम्ही विचारलं नसेल. दोन्ही शक्य आहे, आणि बहुतेकांचं तसंच होतं. पण दोन लाख पंधरा हजार घालायचे की साडेबारा लाखांची गाडी काढायची, हे त्या एका कागदावर अवलंबून आहे. म्हणून घरातली चर्चा चार दिवस बाजूला ठेवा आणि आधी गाडीचं नेमकं दुखणं काढा.

तुम्ही दिलेली दोन लक्षणं बोलकी आहेत. तुमच्या गाडीतली डीएसजी, कंपनीच्या भाषेत डीक्यू २००, ही दोन कोरड्या क्लचची गिअरपेटी आहे. पहिला क्लच १, ३, ५ आणि ७ हे गिअर सांभाळतो. दुसरा २, ४, ६ आणि रिव्हर्स. आता बघा: थरथर दुसऱ्या गिअरला, अडलं ते रिव्हर्स, पुढे गेली ती पहिल्यावर. म्हणजे तक्रार एकाच बाजूची, दुसऱ्या क्लचच्या बाजूची आहे. त्याची कारणं तीन असू शकतात. क्लचची प्लेट झिजली असेल. झीज अजून मर्यादेत असेल, पण गिअरबॉक्सच्या संगणकाने धरलेला ‘क्लच कुठे पकडतो’ हा बिंदू सरकला असेल. याला अ‍ॅडाप्टेशन म्हणतात आणि ते स्कॅनरवरून पुन्हा बसवता येतं. किंवा मेकॅट्रॉनिकमधला त्या बाजूचा क्लच ढकलणारा भाग गडबड करत असेल. पहिल्या कारणाला क्लच सेट लागतो, दुसऱ्याला तासाभराचं काम, तिसऱ्याला मेकॅट्रॉनिक उघडावं लागतं. तुमच्या एस्टिमेटमध्ये हे सगळंच एकदम धरलंय. गॅरेजच्या दृष्टीने तो सुरक्षित मार्ग आहे, कारण सगळं बदललं की तक्रार उरत नाही. फक्त ती सुरक्षितता तुमच्या खिशातून येते.

या पेटीचं जे दुखणं सगळ्यात बदनाम आहे ते वेगळं. मेकॅट्रॉनिकमध्ये एक छोटा विजेवर चालणारा पंप तेलाचा दाब तयार करतो, साधारण ४० ते ६० बार, आणि तो एका डब्यात, अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये साठवतो. हा डबा जिथे बसतो तिथे अ‍ॅल्युमिनिअमच्या घराला चीर जाते, तेल गळतं, दाब टिकत नाही, पंप सतत पळत राहतो आणि शेवटी संगणक त्याला थांबवतो. त्याचा कोड पी१७बीएफ. तो दाब दोन्ही क्लचना लागतो, म्हणून असं झालं की सहसा दोन्ही बाजू जातात आणि गाडी ना पुढे ना मागे. तुमची पुढे गेली, म्हणून माझा संशय तिकडे कमी आहे. तरी तपासून घ्या, कारण तपासणं सोपं आहे. सकाळी ड्रायव्हरचा दरवाजा उघडलात की बॉनेटच्या बाजूने बारीक ‘घर्र’ असा आवाज येतो. तो पंप दाब भरतोय. दोन-तीन सेकंदांत थांबला तर ठीक. मग गाडी पी वर ठेवून इंजिन चालू करा, बॉनेट उघडून पाच मिनिटं कान द्या. पंप अधूनमधून पळणं स्वाभाविक आहे. दर चार-पाच सेकंदांनी पळत असेल तर दाब कुठेतरी गळतोय.

त्याही आधी बॅटरी. हे ऐकून हसू नका. मेकॅट्रॉनिकला व्होल्टेज कमी पडलं की तो नाही नाही ते एरर दाखवतो, आणि इंदूरच्या मे महिन्यात बॅटरी वर्षभर लवकरच म्हातारी होते. रात्रभर उभ्या गाडीत १२.४ व्होल्टच्या वर, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ च्या दरम्यान आकडा हवा. बॅटरी चार वर्षांहून जुनी असेल तर आधी ती बदला, मग स्कॅन करा.

स्कॅनसाठी साधा ओबीडी रीडर चालत नाही. तो इंजिनचे कोड वाचतो, गिअरबॉक्सच्या आत शिरत नाही. फोक्सवॅगन-स्कोडासाठीचं व्हीसीडीएस, ओबीडीइलेव्हन किंवा कंपनीचं ओडिस असलेली जागा शोधा. इंदुरात अधिकृत सर्व्हिसखेरीज जर्मन गाड्यांवर काम करणारी स्वतंत्र गॅरेजंही आहेत. तिथे चार गोष्टी मागा. गिअरबॉक्स मॉड्यूलचे सगळे कोड, किलोमीटरच्या नोंदीसकट. दोन्ही क्लचची अ‍ॅडाप्टेशनची मूल्यं. गाडी गरम झाल्यावर गर्दीत फिरवून क्लचच्या तापमानाचा लॉग. आणि यातलं सगळं छापून किंवा पीडीएफमध्ये. ‘साहेब, आम्ही बघितलं, मेकॅट्रॉनिक गेलंय’ एवढं पुरत नाही. अधिकृत सर्व्हिसला जाल तेव्हा चेसिस नंबर देऊन तुमच्या गाडीवर एखादं रिकॉल किंवा मोफत काम बाकी आहे का, तेही विचारा. २०१३ मध्ये फोक्सवॅगनने जगभरात सुमारे १६ लाख गाड्यांच्या या पेटीतलं सिंथेटिक तेल काढून मिनरल तेल भरण्याची मोहीम काढली होती, कारण उष्ण आणि दमट हवेत त्या तेलामुळे आतली वीज शॉर्ट होत होती. तुमची गाडी त्यानंतरची आहे, पण विचारायला पैसे पडत नाहीत.

निदान क्लचवर आलं तर दोन गोष्टींवर अडून बसा. क्लच सेटसोबत ढकलणारे लिव्हर आणि बेअरिंगही नवीन घ्या, आणि बसवताना शिमची, म्हणजे अंतर जुळवणाऱ्या पातळ चकत्यांची, मापं घेतली पाहिजेत. या क्लचमध्ये बेअरिंग आणि क्लचच्या बोटांमधलं अंतर मिलिमीटरच्या दशांशात जुळवावं लागतं. त्यासाठी खास हत्यारं आणि डायल गेज लागतो. जो मिस्त्री म्हणेल ‘मोजायची गरज नाही, जुन्याच शिम टाकू’, त्याच्याकडून गाडी परत आणा. सहा महिन्यांत तीच थरथर घेऊन पुन्हा उभे राहाल. निदान मेकॅट्रॉनिकवर आलं तर विचारा की आतलं नेमकं काय गेलंय. चिरलेलं घर आणि डबा वेगळे बदलून मिळतात, आणि मेकॅट्रॉनिक काढायला पूर्ण गिअरबॉक्स खाली उतरवावा लागत नाही. क्लचसाठी मात्र उतरवावा लागतो. म्हणून दोन्ही कामं खरंच लागणार असतील तर एकदम करण्यात मजुरी वाचते. मेकॅट्रॉनिकचं तेल साधारण लिटरभर आणि गिअरचं तेल १.७ लिटर, दोन्ही वेगळी आहेत. बिलात दोन्ही स्वतंत्र दिसू द्या. शेवटी बेसिक सेटिंग (स्कॅनरवरून संगणकाला नवे पार्ट जुळवून देणं) झालं का, वर्षभराची लेखी हमी मिळते का आणि काढलेले जुने पार्ट परत मिळतील का, हे गाडी टाकण्याआधी ठरवून घ्या.

आता सासऱ्यांचा मुद्दा. बंद पडलेल्या मॉडेलची भीती खोटी नाही, पण ती चुकीच्या ठिकाणी आहे. पोलो चाकणच्या कारखान्यातून २००९ च्या अखेरीपासून २०२२ पर्यंत निघाली. सस्पेन्शन, ब्रेक, बुश, बेअरिंग असं खालचं बरंचसं सामान व्हेंटो आणि स्कोडा रॅपिडशी जुळतं. आणि ज्या पेटीमुळे तुम्ही पत्र लिहिलंत तीच आजही टायगुन, व्हर्टस, कुशाक, स्लाव्हिया या गाड्यांच्या १.५ टीएसआयमध्ये येते. म्हणजे तिचे जाणकार आणि तिचे पार्ट उद्या नाहीसे होणार नाहीत. अडचण येईल ती बाहेरच्या सामानाची: हेडलॅम्प, बंपर, जीटीची ग्रिल, आतली बटणं. दुसऱ्या एखाद्या वेगवान छोट्या गाडीचा हाच प्रश्न असलेल्यांनीही असंच बघावं; मॉडेल चालू आहे का यापेक्षा इंजिन आणि गिअरबॉक्स आणखी कोणत्या गाडीत आहेत हे शोधावं. मारुतीची बलेनो आरएस २०२० मध्ये गेली, पण तिचं १ लिटरचं बूस्टरजेट इंजिन पुढे फ्रॉन्क्समध्ये परत आलं. फियाटच्या पुंटो अबार्थवाल्यांचं मात्र कठीण आहे. त्यांनी पार्ट आधी जमवावेत आणि मग गाडीवर प्रेम करावं.

‘गाडीच्या किमतीएवढा खर्च दुरुस्तीवर’ हे वाक्य घराघरांत ऐकू येतं आणि त्याचा हिशोब सहसा कुणी मांडत नाही. चार वर्षांचा मांडून बघू, आणि मुद्दाम पोलोच्या विरोधात झुकवून. पोलो आज विकली तर २,४०,००० मिळतील, ते तुम्ही तिच्यात अडकवताय. एस्टिमेट जसंच्या तसं २,१५,०००. इतर बाकी कामांना ६०,०००. दरवर्षीची देखभाल ४५,०००, चार वर्षांची १,८०,०००. चार वर्षांनी ती १,५०,००० ला गेली असं धरा. पोलो पडली ५,४५,००० ला. एसयूव्ही १२,५०,०००, त्यात पोलोचे २,४०,०००, घरचे १,१०,००० आणि ९ लाखांचं कर्ज. ९ टक्क्यांनी पाच वर्षांना हप्ता सुमारे १८,७०० येतो आणि पहिल्या चार वर्षांत २,१०,००० च्या आसपास निव्वळ व्याज जातं. देखभाल वर्षाला १५,०००, म्हणजे ६०,०००. चार वर्षांनी ती ६ लाखांना विकली तर पडली ९,२०,००० ला. फरक ३,७५,०००, महिन्याला ७,८०० रुपये. विमा दोन्हीकडून सोडलाय. तो नव्या गाडीचा जास्तच असतो. या चार वर्षांत पोलोने आणखी एखादा लाखाचा दणका दिला तरी पारडं पोलोकडेच झुकतं. आणि निदान फक्त क्लचवर किंवा अ‍ॅडाप्टेशनवर थांबलं तर हिशोबच उरत नाही.

पण यात एक अट दडलेली आहे: गाडी निदान तीन-चार वर्षं ठेवायची. दुरुस्त करून वर्षभरात विकायची असेल तर २,१५,००० घालून फक्त १,२०,००० वसूल होतात. ते मात्र सासरे म्हणतात तसंच होईल.

जी एसयूव्ही तुम्ही पाहिली आहे ती टर्बो पेट्रोल, ७ गिअरची ड्युअल क्लच आहे. या वर्गातल्या बहुतेक ड्युअल क्लच पेट्याही कोरड्याच असतात. तुम्ही ज्या कारणाने पोलो सोडताय, त्याच तत्त्वावर चालणारी दुसरी पेटी घ्यायला निघालात, फक्त वॉरंटीसकट. ती वाईट आहे असं म्हणत नाही. वॉरंटी संपल्यावर आणि त्याच विजयनगरच्या गर्दीत तिचंही आयुष्य तसंच जाईल, एवढंच. निवांत ऑटोमॅटिक हवी असेल तर टॉर्क कन्व्हर्टरवाली (कोरड्या क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारी) बघा. फ्रॉन्क्सच्या टर्बोत ६ गिअरची तशी मिळते. २२ सप्टेंबर २०२५ पासून ४ मीटरच्या आत आणि १२०० सीसीच्या आत असलेल्या पेट्रोल गाड्यांवर जीएसटी १८ टक्के आहे, त्याहून मोठ्यांवर ४०. नवी गाडी घ्यायचीच झाली तर ही रेघ ओलांडायला काहीतरी कारण हवं.

गर्दीत पेटी कशी वाचवायची, हे तुम्हाला कुणी सांगितलं नसणार. शोरूममध्ये तर नाहीच. कोरडा क्लच तेलात बुडालेला नसतो, त्याची उष्णता हवेत जाते. तुम्ही ब्रेक अर्धवट सोडून बोटभर-बोटभर पुढे सरकता तेव्हा क्लच पूर्ण पकडतही नाही आणि पूर्ण सुटतही नाही, नुसता घासत राहतो. उलट ब्रेक नीट दाबून उभे राहिलात तर क्लच सुटलेला असतो, म्हणून सिग्नलला एन वर टाकण्याची कसरत करायची गरज नाही. पुढच्या गाडीत एका गाडीचं अंतर पडू द्या, मग एकदम सरका आणि पुन्हा पूर्ण थांबा. मागचा हॉर्न वाजवेल. वाजवू द्या. गर्दी लांबली तर लिव्हर एम मध्ये (हाताने गिअर बदलायच्या बाजूला) नेऊन पहिला गिअर धरून ठेवा, कारण डी मध्ये संगणक मायलेजच्या लोभाने पटकन दुसरा टाकतो आणि तिथेच ती थरथर सुरू होते. मानपूरच्या किंवा बिजासनच्या घाटात जाम लागला तर अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरू नका, ब्रेक वापरा. तुमचा रोजचा पीथमपूरचा रस्ता राऊच्या पुढे मोकळा असतो आणि त्यानेच ही पेटी ८८,००० पर्यंत आली असावी. राजवाडा आणि सराफ्याच्या बाजूला मात्र स्कूटर काढा, पेटी कोणतीही असो.

‘इतर कामांना ६०,०००’ म्हटलं, ते कुठे जातील हेही बघा. या वयाच्या टर्बो पेट्रोलमध्ये मी पहिला हात कूलंटच्या टाकीला लावेन. पातळी महिन्यात कमी होतेय का? पंप आणि थर्मोस्टॅटच्या जोडाजवळ वाळलेली गुलाबी-पांढरट खपली दिसते का? दिसली तर बाकी सगळं थांबवून ते करा, कारण घाटात इंजिन तापलं की गिअरबॉक्सचा खर्च किरकोळ वाटू लागतो. कंपनीच्या कूलंटमध्ये दुकानातलं हिरवं ओतू नका. अडीअडचणीला डिस्टिल्ड वॉटर चालेल. दुसरं, १.२ टीएसआय या एकाच नावाखाली फोक्सवॅगनने दोन पिढ्यांची इंजिनं विकली. जुन्यात टायमिंगची साखळी, नव्यात पट्टा. तुमच्यात काय आहे ते चेसिस नंबरवरून पार्टच्या काउंटरवर विचारा. साखळी असेल तर सकाळी थंड इंजिन चालू करताना एक-दोन सेकंद खडखड येते का ऐका. येत असेल तर साखळी आणि टेन्शनर बघायची वेळ झाली. पट्टा असेल तर दहा वर्षांचं रबर आहे, उघडून भेगा बघायला हव्यात.

या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं. त्यामुळे इनटेक व्हॉल्व्हला पेट्रोलचा स्पर्शच होत नाही आणि त्यांच्यावर काजळीचा थर चढतो. म्हणून पेट्रोलमध्ये टाकायच्या बाटल्या या कामाला निरुपयोगी आहेत. विकणारा काहीही म्हणो. सकाळी इंजिन अडखळत असेल, आयडलला हेलकावे घेत असेल, तर बोरोस्कोप (नळीचा छोटा कॅमेरा) आत घालून फोटो काढायला सांगा. थर जाड दिसला तर मॅनिफोल्ड उतरवून सफाई करावी, नाहीतर हात लावू नये. स्पार्क प्लग ५०-६० हजारांत बदलायचे. तुमचे बदललेत का हे बिलात पाहा. ऑइल फोक्सवॅगन ५०२ ०० या मान्यतेचं हवं, आणि कंपनीचं १५,००० किलोमीटरचं अंतर इंदूरच्या उन्हात आणि धुळीत मला पटत नाही. ७,५०० ते ८,००० ला, किंवा वर्षाला, जे आधी येईल तेव्हा बदला.

खालच्या बाजूला स्टेबिलायझरचे लिंक रॉड, लोअर आर्मचे बुश, स्ट्रट माउंट आणि इंजिन माउंट. हे चारही एकदम बदलले की गाडी पुन्हा हातात येते, आणि जुन्या गाडीत वाटणारी ‘गाडी सैल झाली’ ही भावना बरीचशी यांचीच असते. गंमत म्हणजे झिजलेलं इंजिन माउंटही गर्दीत हिसके देतं आणि त्याचं खापर गिअरबॉक्सवर फुटतं. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. सहा वर्षं उलटली असतील तर खाच कितीही खोल असो, पुण्याच्या प्रवासाला ते टायर नकोत. माप १८५/६० आर१५ च ठेवा. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी, डॉट ४.

पेट्रोलबद्दल: आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं मिळतं आणि तुमची गाडी त्याआधीची. नीती आयोगाच्या आराखड्यातच अशा चारचाकींचं मायलेज ६ ते ७ टक्के घटेल असं म्हटलं होतं. इथेनॉल ओलावा ओढतं, म्हणून पावसाळ्यात गाडी अर्ध्या टाकीवर महिना-महिना उभी ठेवू नका आणि बॉनेटखाली पेट्रोलचा वास आला तर त्याच दिवशी होज तपासा.

रिमॅप नको. मूळ १०५ पीएस आणि १७५ न्यूटन-मीटर; पेटीची मर्यादा २५०. रिमॅप करणारे २२० च्या पुढे नेतात, तेव्हा ते ‘मर्यादेच्या आत आहे’ म्हणतील आणि कागदावर ते खरंही आहे. पण हा १० वर्षांचा कोरडा क्लच आहे, आणि रिमॅप विमा कंपनीला कळवला नसेल तर अपघातानंतर वाद घालायला त्यांना आयतं निमित्त मिळतं. ते पैसे सस्पेन्शनमध्ये घाला. घाटातल्या वळणांवर जास्त मजा तिथून मिळते.

आईंचा प्रश्न मात्र यातल्या कुठल्याच आकड्यात बसत नाही, आणि मला वाटतं घरातला खरा मुद्दा तोच आहे. बायको गाडीच्या फॅशनबद्दल बोलत नाहीये. आधी एवढं करून बघा: आईंना पुढच्या सीटवर बसवा, सीट पूर्ण मागे, पाठ थोडी कललेली, बसकणीवर पाच सेंटीमीटर जाडीची टणक उशी, आणि दोन्ही पाय एकत्र बाहेर वळवून मग उठायचं. उतरायला फूटपाथजवळ गाडी लावू नका. पाय उंचावर टेकतो आणि गुडघा आणखी दुमडतो. त्याने भागलं तर उत्तम. नाही भागलं तर ज्या गाडीचा विचार आहे तिच्यात आईंना शोरूममध्ये प्रत्यक्ष दोन वेळा चढवा-उतरवा. काही उंच गाड्यांत उठणं सोपं असतं पण चढताना पाय उंबऱ्यावर अडखळतो. दवाखान्याच्या फेऱ्या महिन्यात चार-सहा असतील आणि पोलोतून खरंच जमत नसेल, तर महिन्याचे ७,८०० रुपये त्या सोयीची किंमत म्हणून देणं पूर्ण योग्य आहे. तसं ठरलं तर मात्र पोलो दुरुस्त करण्याच्या भानगडीत पडू नका, आहे त्या स्थितीत द्या.

पोरकटपणाचं म्हणाल तर, दहा-अकरा वर्षं एकच गाडी नीट सांभाळणाऱ्याला पोरकट म्हणणारा सल्लागार शोधावा लागेल. ती ठेवलीत तर २०३० मध्ये १५ वर्षं पूर्ण होतील आणि आरसीचं नूतनीकरण लागेल. गाडीसाठी त्याची फी १ एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये आहे, शिवाय फिटनेसची तपासणी. तारीख आत्ताच लिहून ठेवा. मुदत टळली की दंड चढतो.

आणि विकायचं ठरलं तर डीलरला पहिला आकडा तुम्ही सांगू नका. स्कॅनचा कागद दाखवा, एकाऐवजी तीन डीलर बोलवा, आणि जर्मन गाड्यांवर काम करणाऱ्या त्या गॅरेजवाल्यालाही विचारा. क्लचचं काम स्वतः करू शकणारा माणूस २,४०,००० पेक्षा नक्कीच जास्त देऊ शकतो, कारण त्याला मजुरी घरचीच आहे. आरसी त्याच्या नावावर झाल्याची नोंद परिवहनच्या पोर्टलवर दिसेपर्यंत मूळ कागदांच्या प्रती आणि डिलिव्हरीची वेळ लिहिलेली पावती जपून ठेवा. विम्याचा नो क्लेम बोनस ५० टक्क्यांवर पोचला असेल, तर विमा कंपनीकडून त्याचं पत्र घ्या. तो गाडीबरोबर जात नाही, तुमच्या पुढच्या गाडीला लावता येतो.